लेथ पोचवायचा होता

गाद्यांच्या दुकानात तिला सगळे ‘पिकअपवाली’ म्हणत. पाठीमागे म्हणत तसंच तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. वय एकेचाळीस, अंगाने सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा, पायात पुरुषी बूट. दुकानातल्या गाद्या, उशा, सोफ्यांचे फोम गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचं तिचं काम. गाडी विजेवरची, आधीच्या मालकाने तीन वर्षं वापरून विकलेली, पांढरी. डाव्या दाराला पोचा होता, तो तिने कधी काढून घेतला नाही.

गाडीबद्दल विचारलं की ती बोलायची. इतर कशाबद्दल विचारलं की ‘बरं आहे’ म्हणून मोकळी व्हायची. दुकानातल्या नव्या माणसाला एकदा तिने समजावून सांगितलं होतं, “लोकांना वाटतं वजन वीज खातं. सपाट रस्त्यावर वजनाचं फार काही नसतं. वारा खातो. बारा गाद्या उभ्या बांधल्या तर भरतील दीडशे किलो, पण गाडी भिंत ढकलल्यासारखी चालते. रिकामी असली की एका युनिटला साडेचार किलोमीटर देते. गाद्या उभ्या असल्या की तीन पण देत नाही. तेवढंच लोखंड आडवं ठेवून न्या, गाडीला पत्ताही लागणार नाही.”

नवा माणूस म्हणाला, “म्हणजे गादी लोखंडापेक्षा जड.”

“तसंच काहीतरी,” ती म्हणाली आणि दोर आवळायला लागली.

तिचा नवरा आदल्या वर्षी निघून गेला होता. भांडून नव्हे, दार आपटून नव्हे. लांबच्या शहरात एका कारखान्यात मशीन बसवायचं दोन महिन्यांचं काम होतं, त्यासाठी गेला. तिसऱ्या महिन्यात त्याचा फोन आला. ती तेव्हा एका इमारतीच्या जिन्यात होती. गादीचं एक टोक तिच्या खांद्यावर, दुसरं वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात. फोन तिने मानेत धरला. तो म्हणाला, “मी आता तिकडे येणार नाही. इथे एक जण आहे. तुला खोटं सांगायचं नाही म्हणून सांगतोय.”

ती म्हणाली, “बरं.”

मग फोन खिशात टाकला आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, “जरा डावीकडे घ्या, कोपरा लागतोय.”

त्यानंतर ती कधी रडते याची सगळ्यांनी वाट पाहिली. तिची आई चार दिवस येऊन राहिली. “रडून घे गं, मोकळी होशील,” असं तिने दहादा सांगितलं. आईचं मन राखायचं म्हणून ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पाटावर बसली. बराच वेळ बसली. काही आलं नाही. पाणी उगाच वाया जातंय असं वाटून तिने नळ बंद केला. पाचव्या दिवशी आई निघाली तेव्हा म्हणाली, “तू चल माझ्याबरोबर. मूल ना बाळ, इथे कुणासाठी राहायचं?” ती म्हणाली, “बघते.” आई गेली. ती राहिली.

घरात मग दोघंच उरले, ती आणि तिचे सासरे. सासू सहा वर्षांपूर्वीच गेली होती. घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत वर्कशॉप आणि त्यात सासऱ्यांचा लेथ. लोखंडाचा तुकडा त्यात पकडून फिरवायचा, हत्याराने कातत कातत त्याला हवा तसा गोल आकार द्यायचा. पंपाचे दांडे, बुश, पुल्या. एकोणतीस वर्षं ते हेच करत आले. मुलगाही त्यांच्याच हाताखाली शिकला. हात बरा होता त्याचा, पण संध्याकाळी मशीन पुसायला सांगितलं की त्याला नेमकं कुठेतरी जायचं असायचं.

मुलगा गेल्यावर त्याच्याबद्दल दोघांमध्ये कधी बोलणं झालं नाही. ती सकाळी चहा ठेवायची. ते तिचे बूट उन्हात काढून ठेवायचे. ती रात्री गाडी चार्जिंगला लावायची, ते उठून वायर नीट गुंडाळलीय का बघायचे. अजून इथेच कशी, असं लोकांनी विचारलं की ती सांगायची, “अजून गेले नाहीये.” जणू बस चुकली होती.

वर्षभरात सासऱ्यांचा मोतीबिंदू वाढला. ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. एकदा कातलेला दांडा गिऱ्हाइकाने परत आणून दिला. वाद घातला नाही, नुसता टेबलावर ठेवला आणि गेला. दोन दिवसांनी जेवताना सासरे म्हणाले, “लेथ द्यायचं ठरवलंय.”

“कुणाला?”

“डावऱ्याला. त्याचं तिकडे मोठं वर्कशॉप झालंय. मागत होता.”

डावऱ्या म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेला पहिला माणूस. डावखुरा, म्हणून नाव पडलं ते पडलंच. तो पाचशे चाळीस किलोमीटरवर राहत होता.

“ट्रक ठरवू?” तिने विचारलं.

“तुझी गाडी काय शोभेची आहे?”

लेथ सातशे किलोचा. गाडी एक टन उचलायची. तिने मान डोलावली. “तीनदा चार्ज करावी लागेल.”

“करू.”

“प्रत्येक वेळी तासभर जाईल.”

“मला कुठे बोहल्यावर चढायचंय?” सासरे म्हणाले.

आदल्या दिवशी चार माणसांनी साखळीच्या कप्पीने, चेनब्लॉकने, लेथ उचलून गाडीत ठेवला, खाली जाड फळ्या घातल्या, चारी बाजूंनी साखळ्या आवळल्या. सासऱ्यांनी बेडला, म्हणजे लेथच्या लांब सपाट पाठीला, स्वतः ग्रीस फासलं. शिवाय वरून निळी ताडपत्री घातली, ती आपल्या हाताने बांधली. ती म्हणाली, “बाबा, ती फुगेल. वारा धरेल.”

“धूळ बसेल बेडवर.”

“ग्रीस लावलंय ना.”

“ग्रीसवरच बसते धूळ.”

पहाटे पाचला दोघं निघाले.

रस्ता सरळ होता. तिने काटा साठ-पासष्टच्या वर जाऊ दिला नाही. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढे जात. ताडपत्री पहिल्या दहा मिनिटांतच फुगली आणि फडफडायला लागली. समोरच्या पडद्यावर एका युनिटला तीन पूर्णांक चार दाखवत होतं. तिने मनात हिशेब केला. साठ युनिटची बॅटरी, म्हणजे दोनशेच्या आसपास. पहिलं चार्जिंग एकशेसाठवर. पुरेल.

सासरे पुढच्या सीटवर मांडीवर थर्मास घेऊन बसले होते. दर थोड्या वेळाने मान वळवून मागच्या काचेतून बघायचे. त्यांना फक्त निळा ढीग दिसत असणार.

“आहे ना?”

“आहे.”

पहिल्या ठिकाणी एका पेट्रोल पंपाच्या मागच्या अंगाला दोन चार्जर होते. एकावर टॅक्सी लावलेली होती. तिने दुसऱ्याच्या वायरची बंदूक काढून गाडीला लावली. बावीस टक्के राहिले होते. सासऱ्यांनी खाली उतरून पाठ ताणली आणि चार्जरच्या पडद्याजवळ नाक नेलं.

“किती म्हणतोय?”

“पंचाऐंशीला पन्नास मिनिटं.”

“आणि शंभरला?”

“आणखी पाऊण तास. ऐंशीच्या पुढे हळू होतं. थांबण्यात अर्थ नाही, तेवढ्या वेळात आपण पुढच्या ठिकाणाजवळ जाऊ.”

“आमच्या वेळी डिझेल टाकलं की पाच मिनिटांत माणूस रस्त्याला.”

“तुमच्या वेळी तुम्ही गेलात कुठे, बाबा? वर्कशॉप ते स्वयंपाकघर.”

ते हसले. टॅक्सीवालाही हसला. ती बोलून गेली होती, पण आपण गंमत केली हे तिला त्या दोघांच्या हसण्यावरून कळलं.

दुसरा टप्पा एकशेतीस किलोमीटरचा. मध्ये घाट. चढावर मात्र सातशे किलो जाणवले. पडद्यावरचा आकडा दोनच्या खाली आला आणि टक्के डोळ्यांदेखत गळायला लागले. सासरे तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. माथ्यावर पोचल्यावर ती म्हणाली, “आता उतारावर थोडं परत मिळेल. ब्रेकची वीज बॅटरीत जाते.”

“सगळी परत?”

“सगळी नाही.”

उतारावर चार टक्के परत आले. मग पुन्हा सपाट, आणि आता वारा समोरून. दुपारी बाराच्या सुमारास ती दुसऱ्या ठिकाणी पोचली तेव्हा एकोणीस टक्के उरले होते. एका बंद हॉटेलच्या आवारात एकच चार्जर होता. त्याचा पडदा काळा. बंदुकीवर कोळ्याचं जाळं. खांबावर कागद चिकटवला होता, त्यावर हाताने लिहिलं होतं: बंद आहे. फोनमधल्या नकाशावर तो अजून हिरवा दिसत होता.

ती उतरली, बटण दाबून पाहिलं, मेन स्विच शोधला, नाही सापडला. मग परत येऊन सीटवर बसली. अशा वेळी लोकांचं काळीज धडधडतं हे तिला माहीत होतं. तिने आपल्या छातीकडे लक्ष देऊन पाहिलं. काही नव्हतं. नेहमीसारखंच चाललं होतं.

“काय झालं?” सासऱ्यांनी विचारलं.

“हा मेलाय. पुढचा चव्वेचाळीसवर आहे. आपली वीज सदतीसला पुरेल.”

“म्हणजे सात किलोमीटर ढकलायची?”

“सातशे किलोचा लेथ आहे वर.”

“मग?”

“चाळीसच्या वेगाने गेलो तर पोचू. हवा तेवढी आडवी येणार नाही. एसी बंद करायचा. आणि ताडपत्री काढावी लागेल.”

सासऱ्यांनी मान वळवून निळ्या ढिगाकडे पाहिलं. मग स्वतःच उतरले. गाठी त्यांनीच मारलेल्या होत्या, त्या त्यांनीच चाचपत सोडल्या. तिला हात लावू दिला नाही. ताडपत्रीची घडी करून ती पायाशी ठेवली आणि लेथच्या बेडवरून एकदा तळहात फिरवला. हाताला लागलेलं ग्रीस पँटला पुसलं.

“चल,” ते म्हणाले.

चाळीसचा वेग म्हणजे त्या रस्त्यावर रांगणंच. ट्रक मागे येऊन कर्णकर्कश हॉर्न द्यायचे. एका बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून काहीतरी ओरडून विचारलं. तिने डाव्या कडेने गाडी एका सुरात चालवत ठेवली. कुठे ब्रेक नाही, कुठे जोर नाही. आकडा चार पूर्णांक तीनवर आला. गाडीत उकडत होतं. सासऱ्यांच्या कानशिलावरून घामाचे ओघळ येत होते.

अकरा टक्के असताना त्यांचा फोन वाजला. तो समोर खाचेत ठेवलेला होता.

“कोण आहे बघ गं,” ते सवयीने म्हणाले आणि लगेच त्यांचा हात पुढे आला. पण तोवर तिने पाहिलं होतं.

“चिरंजीव,” तिने वाचून दाखवलं.

फोन वाजत राहिला. सासऱ्यांचा हात अर्ध्यावरच थांबला होता.

“घ्या ना,” ती म्हणाली.

त्यांनी घेतला नाही. वाजून वाजून तो बंद झाला. एक लांबलचक ट्रक त्यांना ओलांडून गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी जराशी हलली.

“नेहमी करतो?” तिने विचारलं.

“महिन्यातून एकदा. कधी दोनदा.”

“सुरुवातीपासून?”

“हं.”

“काय बोलतो?”

“काय बोलणार! तब्येत. मोतीबिंदू. इकडचं तिकडचं.” मग थोडं थांबून, “तुझं विचारतो.”

“मग तुम्ही काय सांगता?”

“सांगतो, गाडी चालवते.”

तिने पडद्याकडे पाहिलं. दहा टक्के. एकवीस किलोमीटर उरले होते. वर्षभर ज्या घरात आपण झोपतो, त्याच घरात भिंतीपलीकडे दर महिन्याला तो आवाज येत होता, आणि आपल्याला पत्ता नव्हता. याचा राग यायला हवा, असं तिला वाटलं. वाटलं एवढंच. पाय पेडलवर होता तिथेच, होता तसाच राहिला.

“आज कशाला केला असेल?”

सासऱ्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. “लेथसाठी. त्याला हवा होता. तिकडे स्वतःचं काढायचं म्हणत होता. मी दिला नाही.”

“द्यायचा होता.”

“का?”

“तुमचा मुलगा आहे.”

“म्हणून तर माहितीये कसा आहे तो.” मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “तुझ्यासाठी नाही केलं हे. उगाच उपकार वाटून घेऊ नकोस.”

“नाही वाटून घेत.”

“डावऱ्या मशीन पुसतो. एवढंच.”

दोन टक्क्यांवर ते चार्जरपाशी पोचले. पडद्यावर किलोमीटरच्या जागी नुसत्या रेघा दिसत होत्या. तिथे एक चार्जर चालू, आणि त्यापुढे एक छोटी निळी गाडी नुकतीच येऊन उभी राहिलेली. गाडीतल्या बाईने या दोघांचे घामेजलेले चेहरे पाहिले, मागचा लेथ पाहिला आणि स्वतःहून गाडी मागे घेतली. “माझे साठ टक्के आहेत. तुम्ही लावा.”

ही चार्जिंगची जागा एका सुपरमार्केटच्या बाजूला होती. सावलीत बाक होतं. सासरे बाकावर आडवे झाले आणि डोळ्यांवर रुमाल घेतला. ती तोंड धुऊन आली. निळ्या गाडीतली बाई बोलकी होती. कुठून आलात, कुठे चाललात, हे मशीन कसलं, सगळं विचारून झालं.

“वडील का तुमचे?”

“सासरे.”

“अगबाई! सुनेबरोबर एवढा प्रवास. आणि मिस्टर?”

“नाहीत,” ती म्हणाली.

बाईचा चेहरा पडला. तिने हिचा दंड धरला. “किती वर्षं झाली?”

“एक होईल.”

“कसं होतं हो हे. एवढ्या तरुणपणी. हार्ट का?”

ती काही बोलली नाही. त्याचा बाईने ‘हो’ असा अर्थ घेतला. मग पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून तिच्या हातात ठेवला आणि म्हणाली, “खा. तुम्ही खायला हवं. अशी माणसं आधी खाणं विसरतात.” आणि डोळे पुसत सुपरमार्केटमध्ये गेली.

बाई आत गेल्यावर रुमालाखालून आवाज आला, “मारलंस की त्याला.”

“मी फक्त नाहीत म्हटलं.”

“हार्ट!” सासरे म्हणाले आणि त्यांना हसू आलं. ते हसता हसता खोकायला लागले, उठून बसले, रुमाल तोंडाला लावला. ती त्यांच्या पाठीवर थापटत राहिली. तिच्या गालांचे स्नायू ताणले गेले होते. ते हसणंच असावं. तोंडात बिस्कीट असल्यामुळे तिला नीट कळलं नाही.

तासाभराने ऐंशी टक्के झाले, ते निघाले. तिसऱ्या चार्जिंगला पंचवीसच मिनिटं थांबावं लागलं. ताडपत्री त्यांनी पुन्हा बांधली नाही.

साडेसहाला ते डावऱ्याच्या वर्कशॉपसमोर उभे होते. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, डाव्या हाताच्या बोटांवर काळे चिरे असलेला माणूस बाहेर धावत आला आणि त्याने सासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले. “मास्तर, उशीर झाला. मला वाटलं कुठे अडकलात.”

“हळू आलो,” सासरे म्हणाले. “ही हळू चालवते.”

“या वहिनी.”

वर्कशॉप लांब होतं, छताला पांढरे दिवे, सहा मशीनं ओळीने. सातव्याची जागा रिकामी ठेवली होती. फरशीत बोल्टची भोकंही पाडून ठेवलेली. तिथल्या कामगारांनी अर्ध्या तासात लेथ उतरवून जागेवर आणला. मग तो समपातळीत बसवायचं काम. सासऱ्यांनी पाणपातळी मागितली, ती बेडवर ठेवली आणि वाकून बघितलं. बरंच वाकले. मग म्हणाले, “पोरी, बुडबुडा कुठे आहे?”

ती वाकली. “डावीकडे. रेघेच्या बाहेर केसभर.”

“पाचर ठोका. आता?”

“आत आला. अजून थोडा.”

“आता?”

“मध्ये.”

सगळे बोल्ट आवळून झाल्यावर डावऱ्या म्हणाला, “मास्तर, पहिला कट तुमच्या हाताने.” त्याने एक दांडा पकडून दिला. पंचवीस मिलिमीटरचा करायचा. मशीन सुरू झालं. सासऱ्यांनी डोळे जवळजवळ मिटलेच होते. एक हात चाकावर, मान एका बाजूला कललेली, कान हत्याराकडे. लोखंडाची निळसर साल गुंडाळत खाली पडत राहिली. कामगार आपापली कामं सोडून भोवती उभे राहिले. तिने हे दृश्य अठरा वर्षं पाहिलं होतं, बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दारातून, कणीक भरल्या हातांनी.

मशीन थांबलं. सासऱ्यांनी दांडा पुसला, जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला आणि तो तसाच तिच्या हातात दिला. तिला वाचता येत होतं, त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं.

“वाच.”

तिने उजेडात धरून वाचलं. “चोवीस अठ्ठ्याण्णव.”

कामगारांनी डावऱ्याकडे पाहिलं.

“दोन शतांश कमी,” सासरे म्हणाले.

“चालतं हो, मास्तर,” डावऱ्या घाईने म्हणाला. “एवढं सहज चालतं.”

“चालत नाही. तूही चालवू नकोस.” त्यांनी दांडा काढून टेबलावर ठेवला आणि हात धुवायला मागे गेले.

डावऱ्या तिच्याजवळ आला. आवाज उतरवून म्हणाला, “वहिनी, पंचवीस म्हणायचं होतं. म्हाताऱ्याचं मन राहिलं असतं.”

“पंचवीस नव्हतं,” ती म्हणाली.

रात्रीचं जेवण डावऱ्याच्या घरी, वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर झालं. डावऱ्याने विषय काढला. मास्तरांनी इथेच राहावं. शहरात डोळ्यांचा चांगला दवाखाना आहे, त्याच्या ओळखीचा डॉक्टर आहे. ऑपरेशन करून घ्यायचं आणि मग दोन-तीन महिने इथल्या लोकांना हात वळवायला शिकवायचं. मागची खोली रिकामीच आहे.

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना तिचा चेहरा कितपत दिसला असेल कोण जाणे.

“राहा,” ती म्हणाली.

“आणि तू?”

“मला परवा गाद्या आहेत.”

सकाळी ती गाडीत बसत असताना ते खाली आले. खिडकीच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. “काल बरोबर वाचलंस,” ते म्हणाले. “तो असता तर पंचवीसच म्हणाला असता. लहानपणापासून तसाच. समोरच्याला बरं वाटेल ते बोलायचं.” मग दारावर दोनदा थाप मारली, बैलाला मारतात तशी, आणि मागे वळले.

येताना गाडी रिकामी होती. एका युनिटला साडेचार, कधी पावणेपाच. दोनदाच थांबावं लागलं. घाटाच्या अलीकडे फोन आला. तिने नाव पाहिलं आणि घेतला.

“बाबा फोन उचलत नाहीयेत,” तिचा नवरा म्हणाला. वर्षभरात त्याचा आवाज ती विसरली नव्हती, पण तो तिला कुठल्याशा ऑफिसमधून आल्यासारखा वाटला.

“ते डावऱ्याकडे आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन करतायत. लेथ तिथे बसवला.”

तो म्हणाला, “तुला राग आलाय ना माझा?”

तिने खरंच शोधून पाहिलं. समोर चढ होता, त्यामुळे फार वेळ शोधता आलं नाही. “माहीत नाही,” ती म्हणाली. “घाट लागलाय. ठेवते.”

पुढे सगळं हळूहळू होत गेलं. वकिलाची कागदपत्रं पोस्टाने आली, तिने ती गाडीच्या बॉनेटवर ठेवून सह्या केल्या. पोस्टमन पेन परत घ्यायला थांबला होता. पुढची खोली झाडताना कोपऱ्यांतून लोखंडाच्या साली निघत राहिल्या, आठवडाभर निघत होत्या. मग तिने तिथे गाडी आत घ्यायला सुरुवात केली आणि भिंतीवर चार्जर बसवून घेतला. दुकानाने तिला लांबच्या फेऱ्या दिल्या. दुसऱ्या विजेच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर तिला फोन करून विचारायचे, अमुक घाट अमुक वजनाने निघेल का, तमुक ठिकाणचा चार्जर चालू आहे का. ती सांगायची. बहुतेक वेळा बरोबर सांगायची.

अडीच महिन्यांनी सासरे परतले, बसने. गाडी घेऊन न्यायला येते म्हटलं तर म्हणाले, “नको, मला त्याच दिवशी पोचायचंय.” दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. पहिल्यांदा त्यांनी घर नीट पाहिलं आणि म्हणाले, “भिंती एवढ्या काळ्या होत्या?” मग तिच्याकडे बघितलं. बघत राहिले.

“काय?”

“केस पांढरे झाले की तुझे.”

“केव्हाच.”

संध्याकाळी ते ओट्यापाशी स्टूल ओढून बसले. ती भांडी घासत होती. ते म्हणाले, “हे बघ. मी आता माझं माझं बघू शकतो. तुला जायचं असेल तर जा. माझ्याकडे बघून थांबू नकोस.”

“कुठे?” तिने विचारलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पत्ता विचारावा तसं तिने विचारलं होतं.

सासऱ्यांनी विचार केला. आईकडे, असं म्हणणार होते बहुतेक, पण म्हणाले नाहीत. दुसरं काही त्यांना सुचेना.

“ते तूच ठरवायचं,” शेवटी ते म्हणाले.

“ठरवते.”

तिने शेवटचं पातेलं उपडं घातलं आणि हात पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिची फेरी होती, दोनशे दहा किलोमीटर, चाळीस उशा आणि आठ गाद्या. गाद्या या वेळी तिने आडव्या रचल्या होत्या.